बडोद्याच्या त्या घरात मी पाणीही घेतलं नाही

निघण्याआधी

आमच्या नंदुरबारहून बडोद्याला जायचं तर सुरतेला गाडी बदलावी लागते. तीन दिवसांत जाऊन-येऊन होतं. गाव बघण्यासारखं आहे, कोणी जात असेल तर जरूर जावं. फक्त मन साफ ठेवून जावं. नाहीतर माझ्यासारखं होतं: समोर एवढा राजवाडा उभा आणि मी बघतेय मुलाच्या तोंडाकडे.

मुलगा म्हणजे रघू. मामलेदार कचेरीत कारकून आहे. मार्गशीर्षातली गोष्ट. शनिवारी कसलीशी सुट्टी होती, रविवार तर असतोच, सोमवारी पुन्हा सुट्टी. जेवायला बसला तसा म्हणाला, "माय, सुट्टीमा बडोदं देखाले जाऊत का? तू, मी आन् इंदू."

इंदू त्याची मोठी मुलगी, बारा वर्षांची. तान्हेपणापासून माझ्याजवळच असते.

मी भाकरी तव्यावर टाकली आणि विचारलं, "कोन मरनं?"

"कोनी मरेल नही."

"मंग कोनं लगीन शे?"

"लगीन बी नही. असंच. राजवाडा देखूत, बाग देखूत, परत येऊत."

"असंच कोनी जास का रे?"

तुम्हीच सांगा, जातं का कोणी? आमच्या तापीकाठच्या शेतकरी घरांत माणूस गाव सोडतो तो मयताला, लग्नाला, बाजाराला, नाहीतर देवाला. नुसतं गाव बघायला, तेही बायामाणसांना घेऊन, हे मी जन्मात ऐकलं नव्हतं.

म्हणजे एकदा ऐकलं होतं. मी नऊ वर्षांची असताना वडील म्हणाले, चल, सारंगखेड्याच्या जत्रेत घोडे बघू. घोडे बघितले. मग एका बैलगाडीपाशी एका म्हाताऱ्यानं मला चार पावलं चालायला लावलं, तोंड उघडायला लावलं, आणि मग वडिलांनी त्याच्या ताटातला गूळ उचलून तोंडात टाकला. मलाही दिला. गोड होता, मी आणखी मागितला. आमच्यात मुलीकडच्या वडीलधाऱ्या माणसानं समोरच्याच्या ताटातला गूळ खाल्ला की सोयरीक पक्की, मग मोडता येत नाही. माझा संसार वाईट झाला असं नाही, माणूस भला होता. पण मला घोडे बघायला नेलं होतं ना!

म्हणून मी नजर ठेवली. सुनेनं इंदूला नवा परकर-पोलका शिवला. विचारलं तर म्हणे, जुना फाटला. जुना मी दोरीवरून काढून बघितला, कुठे फाटला नव्हता. दोघी मायलेकी चुलीपाशी कुजबुजायच्या, मी गेले की भाजीच्या मिठाची चर्चा सुरू व्हायची.

मग रघू एका संध्याकाळी कागदावर तीन दिवसांचा बेत लिहीत बसला. मी समोर वाती वळत होते. आता एक सांगते. मी शाळेत गेलेली नाही. रघू लहानपणी पाटीवर गिरवायचा, मी अशीच समोर बसून बघायची, बघून बघून शिकले. त्यामुळं मला अक्षरं आधी उलटी वाचता आली, सुलटी नंतर. रघूला हे माहीत नाही. कागदावर होतं: शनिवारी प्रवास, धर्मशाळा, सूरसागर तलाव. रविवारी सकाळी राजवाडा, बाग, अजबखाना. दुपारी उमाबाईंकडे. सोमवारी मांडवी दरवाजा आणि परत.

"ही उमाबाई कोन शे?" मी विचारलं.

त्यानं कोपर कागदावर ठेवलं. "वळखनी बाई शे."

आमच्या सात पिढ्यांत बडोद्याला कोणी ओळखीचं नाही. मी वाती वळत राहिले आणि मनाशी ठरवलं: जायचं. मी घरी राहिले तर हा पोरीला एकटीला घेऊन जाईल आणि गूळ खाऊन येईल. मी बरोबर असले तर वडीलधारी मीच. माझ्या तोंडात गूळ गेल्याशिवाय सोयरीक होत नाही, आणि माझं तोंड मी उघडणार नाही.

शनिवार

पहाटे निघताना सून रडली. तीन दिवसांच्या फिरण्याला कोण रडतं? इंदूच्या केसांवरून पुन्हा पुन्हा हात फिरवत होती. मी दशम्यांचा डबा उचलला आणि टांग्यात बसले.

नवापूरपर्यंत डोंगर आणि सागाचं जंगल, पानं वाळून तांबूस झालेली. पुढं गायकवाडी हद्द लागते. माती तीच, झाडं तीच. समोरच्या बाकावर एक बोहरीण होती, तिला मी लसणाची चटणी दिली, तिनं मला खारे पिस्ते दिले. मग काय, मी इंदूचं सुरू केलं. कशी वाचते, कशी माझे पाय चेपते, नंदुरबारच्या मुलींच्या शाळेत होत्या तेवढ्या इयत्ता कशा संपवल्या, मास्तरीण कशी म्हणाली की आता हिला शिकवायला माझ्याजवळच काही उरलं नाही. बोहरीण मान डोलवत होती. रघू खिडकीशी बसून गालात हसत होता.

"काय हसस रे?"

"काही नही, माय. असंच बोलत ऱ्हाय."

हे वाक्य मी मनात नोंदवून ठेवलं.

संध्याकाळी बडोद्यात पोचलो. गावाच्या मधोमध एवढं मोठं तळं मी पहिल्यांदा बघितलं. आमच्याकडे तळं गावाबाहेर, म्हशी असतात त्यात. इथं चहूबाजूंनी दगडी काठ, काठावर दिवे, लोक नुसते बसलेले. पुरुष, बाया, सगळे. काही काम नाही, नुसते बसलेले! मला आधी वाटलं कोणी बुडालंय म्हणून जमलेत.

खानावळीत जेवलो. वरण तोंडात घातलं आणि थांबले. गोड! भाजी खाल्ली, तीही गोड. वाढप्याला विचारलं तर म्हणाला, "गूळ आहे ना आजी, इथं सगळ्यात घालतात." मला घाम फुटला. मग मनाची समजूत घातली की खानावळीतल्या वरणातल्या गुळानं सोयरीक होत नाही. तरी ते वरण बाजूला सारलं आणि घरची दशमी चटणीशी खाल्ली.

रविवार

राजवाडा लांबून बघितला. किती खिडक्या म्हणाव्यात! मी एका बाजूच्या मोजायला लागले आणि चाळिसाच्या पुढं चुकले. बागेत वाघ बघितला, म्हातारा होता बिचारा, आमच्याकडे पाठ करून झोपला होता. अजबखान्यात काचेच्या पेटीत हजारो वर्षांपूर्वीचं एक मढं ठेवलंय, कापडात गुंडाळलेलं. राणी होती की कोणी, कुठल्या परक्या देशाची. इंदू पाटी वाचून मला समजावत होती आणि मी त्या बाईला हात जोडले. स्वतःच्या मातीतून काढून कुठं आणून ठेवली!

टांगेवाला मराठी बोलायचा. दप्तर घेतलेल्या मुलींचा घोळका रविवार असून कुठंतरी चालला होता. तो म्हणाला, "आमच्या राज्यात पोरीला शाळेत नाही घातलं तर बापाला दंड होतो, आजी." मी रघूकडे बघितलं. टांगेवाल्यालाही यानं शिकवून ठेवलंय की काय, असं वाटलं. संशय एकदा शिरला की सगळीकडे तोच दिसतो.

दुपारी इंदूनं नवा परकर घातला. रघूनं टोपी झटकली. एका जुन्या मोठ्या घरापुढं टांगा थांबला. दारावर पाटी होती, पण गुजराथीत. ती अक्षरं मला उलटीही येत नाहीत आणि सुलटीही.

"तू आन् इंदू आत जा, माय. मी आठेच थांबस," रघू म्हणाला. म्हणे आत बाया असतात, पुरुषांनी जायची पद्धत नाही.

आत चौक होता. चौकात सात-आठ पोरी तांदूळ निवडत होत्या, दोघी विहिरीवर पाणी शेंदत होत्या, एक झाडत होती. सगळ्या इंदूच्या नाहीतर थोड्या मोठ्या वयाच्या. एकीच्याही तोंडून आवाज नाही, सगळ्या खाली मान घालून कामात. फळीवर ताटं लावलेली, तीस तरी असतील. केवढं हे खटलं! किती सुना या! आणि सगळ्या अशा कोवळ्या!

उमाबाई बाहेर आल्या. पन्नाशीच्या, पांढरं लुगडं, चष्मा, कपाळ मोकळं. मला खुर्ची दिली. आणि मग सुरू झालं.

इंदूला म्हणाल्या, "त्या खांबापर्यंत चालून ये." इंदू चालली. "तोंड उघड." उघडलं. हात उलटेसुलटे करून बघितले, केस बाजूला करून मानेवर बघितलं.

"वाचता येतं?" पुस्तक दिलं, इंदूनं घडघड वाचलं.

"भाकरी येते? स्वतःचे कपडे धुतेस?"

"हो."

"इथं राहिलीस तर रडशील?"

इंदू म्हणाली, "रडेन. पण राहीन."

अगं पोरी! मला वाटलं, आईनं काय पढवून पाठवलंय हिला. उमाबाई पहिल्यांदा हसल्या आणि तिला म्हणाल्या, "जा, मुलींबरोबर बस." मग वही उघडून माझ्याकडे वळल्या.

"आजीबाई, हिच्या वडिलांनी लिहिलंय की हिला तुम्हीच वाढवलं. तेव्हा तुम्हीच खरं सांगा. तब्येत कशी आहे? स्वभाव?"

माझी वेळ आली होती. मी पदर सारखा केला.

"फिट येते," मी म्हटलं.

"फिट?"

"दर अमावास्येला. तोंडाला फेस येतो. आणि झोपेत चालते. एकदा विहिरीपर्यंत गेली होती, मी वेणी धरून ओढली म्हणून वाचली. भांडकुदळ आहे. धाकट्या भावाच्या डोक्यात पाट घातला होता. चार माणसांचं जेवण एकटी जेवते."

त्या लिहीत होत्या. मी समोरून वाचलं: फिट, झोपेत चालते. बरोबर उतरवलं होतं.

"एवढ्या आजारी मुलीला घेऊन तुम्ही इतक्या लांब आलात?"

"तिच्या बापाला हौस."

उमाबाईंनी वही मिटली. तेवढ्यात एका पोरीनं ताट आणून माझ्यापुढं ठेवलं: पाण्याचा तांब्या आणि वाटीत गूळ-शेंगदाणे. मी दोन्ही हात पदराखाली घेतले.

"घ्या ना," उमाबाई म्हणाल्या.

"उपास आहे."

"पाणी तरी घ्या."

"पाण्याचाही आहे."

बाहेर रघू फेऱ्या घालत होता. "काय सांगं, माय?"

"जे सांगानं ते सांगं," मी म्हणाले. त्याचं तोंड असं उजळलं की मला त्याची दयाच आली.

संध्याकाळी तो एकटाच परत तिकडे गेला आणि तासाभरानं धर्मशाळेत आला. टोपी न काढताच भिंतीशी बसला.

"बाईनी नही म्हटलं. इंदूले फिट येस म्हने. मी नही म्हटलं, पन बाई मानत नही."

"बरं व्हयनं," मी म्हणाले. "बारा वरीसनी पोर, अन् तू तिले त्या खटलामा देई ऱ्हायना?"

"कोनतं खटलं? बोर्डिंग शे ते, माय! शाळा शे पोरीस्नी!"

मी इंदूकडे बघितलं. ती नव्या परकराची घडी घालत होती. फार हळू, कोपऱ्याला कोपरा जुळवून.

"तठे एकच जागा व्हती, आजी," ती म्हणाली.

"तुले माहीत व्हतं?"

"तू रडशी म्हनीसन नही सांगं."

"मी कधी रडस?" असं म्हणता म्हणता मला तोंडाला पदर लावावा लागला.

रघू रागावला नाही, रागावला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "घर सोडीसन पोर दूर ठेवानी म्हटलं असतं तर तू निघालेच देती नही. म्हनीसन बोलनू नही. अन् तू तं सगळ्यास्ले इंदूनं कौतुक सांगत फिरस. आगगाडीमा बी सांगं. मले वाटनं, बाईले बी तेच सांगशी."

म्हणजे त्याचा सगळा बेत माझ्या तोंडावर उभा होता. आणि पोरीला वाचवायला म्हणून मी त्याच तोंडानं तिची जागा घालवली होती.

सोमवार

मांडवी बघायची राहिली. सकाळीच इंदूला घेऊन मी त्या घरी गेले. रघू बाहेर थांबला. पोरी न्याहारीला बसल्या होत्या, उमाबाई वाढत होत्या.

"काल मी खोटं बोलले," मी उभ्याउभ्याच सांगितलं. "हिला फिट येत नाही. झोपेत चालत नाही. कोणाच्या डोक्यात पाट घातला नाही."

"मग का सांगितलंत?"

"मला वाटलं, तुम्ही हिची सासू व्हायला निघालात."

पंगतीत कोणीतरी खुदकन हसलं.

"आणि या सगळ्या?" उमाबाईंनी विचारलं.

"सुना."

मग मात्र पोरी लोळायच्या बाकी राहिल्या. एकीला ठसका लागला. उमाबाई हसल्या नाहीत. त्यांनी मला बाजूला नेलं.

"आजीबाई, इथं मुली घेऊन येणारे सगळे गोडच बोलतात. मिरगी लपवतात, खरूज लपवतात. गेल्या वर्षी एक मुलगी माझ्याच मांडीवर आचके देत होती, घरच्यांनी चकार शब्द सांगितला नव्हता. तुम्ही पहिल्याच, स्वतःहून वाईट सांगणाऱ्या. मी तुम्हाला मनात खरं माणूस म्हटलं. आज तुम्ही म्हणता ते खोटं होतं. मी कोणत्या दिवशीच्या आजीवर विश्वास ठेवू?"

मी रामाची शपथ घेतली, तर त्या म्हणाल्या, शपथा इथं रोज होतात.

मग इंदूकडे बघून म्हणाल्या, "जागा एकच आहे. त्यासाठी भरूचची एक मुलगी गुरुवारी येणार आहे, तिला आठ दिवस थांबायला कळवीन. हिला आजपासून ठेवा. आठ दिवस मी माझ्या खोलीत निजवीन, डोळ्यांनी बघीन. फिट आली तर तार करीन, येऊन घेऊन जा. नाही आली तर जागा हिची, आणि मग परत न्यायचं नाही, वर्ग सुरू आहेत. ठेवता?"

रघूचा विचार आत्ता नुसती जागा ठरवून पोरीला जूनमध्ये पाठवायचा होता. तोवर अंथरूण-पांघरूण, ट्रंक, सगळं करायचं होतं. आईनं नीट निरोप द्यायचा होता. रघू बाहेर उभा, पुरुषांना आत यायची बंदी. विचारायचं कोणाला? पोरीकडे बघितलं. ती पंगतीच्या टोकाला, एक माणूस बसेल एवढी जागा रिकामी होती, तिकडे बघत होती.

"ठेवते," मी म्हणाले.

माझं पांघरायचं धाबळं तिला दिलं. एक परकर अंगावर, एक पिशवीत, एवढ्यावर राहिली. वेणी नीट होती, तरी मी सोडून पुन्हा घातली. मी दारातून हलेना, तेव्हा तीच म्हणाली, "जा आजी, गाडी चुकी जाई."

येताना डब्यात कोण होतं, मला आठवत नाही. रघूनं सुरतेला चहा आणून दिला, तो हातात निवला.

घरी परतल्यावर

दार उघडल्यावर सुनेनं आमच्या मागं बघितलं, मग आणखी मागं, रस्त्यावर. रघूनं तिला काय नि कसं सांगितलं ते मी ऐकलं नाही, मी गोठ्यात जाऊन म्हशीपाशी बसले.

गल्लीत मात्र कोणी विश्वास ठेवत नाही. दुसऱ्याच दिवशी शेजारीण दारात आली. "कोठे दिनी पोर? जवाई काय करस?" मी म्हटलं, शाळेत ठेवली. तर डोळा मारून म्हणते, "शाळामा! बरं, बरं. आम्हले काय!" आणि घाईत लग्न उरकायचं कारण काय, यावर पाणवठ्यावर चर्चा. तिच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं.

तार करीन म्हणाल्या होत्या, म्हणून मी आठ दिवस पोस्टमन गल्लीत शिरला की आत जाऊन बसायची. अमावास्याही त्यातच आली. दहाव्या दिवशी तो आला तो पाकीट घेऊन. रघू कचेरीत होता. मी ओसरीवर बसून स्वतःच फोडलं. उमाबाईंचं अक्षर टपोरं आहे, वाचायला त्रास पडत नाही. लिहिलं होतं:

"मुलीस एकदाही फिट आली नाही. झोपेत चालत नाही. भांडत नाही, जेवतेही बेताचंच. जागा तिची झाली. परंतु ती झोपेत बोलते. आठही रात्री तुम्हाला हाका मारल्या. हे मात्र तुम्ही सांगितलं नव्हतं."

मला ठाऊकच नव्हतं ते. घरी ती माझ्या कुशीत निजायची. हाक मारायची वेळ कधी आली नव्हती.